कचऱ्यात टाकला असता तर

वरची कड (शाबूत)

पत्र पपायरसवर, ग्रीकमध्ये. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये कामासाठी दूर गेलेल्या एका माणसाने बायकोला लिहिलेलं. आखातातल्या मुहर्रक शहरात, एका छोट्या खाजगी संग्रहालयात ते दोन काचांमध्ये बसवायचं आहे. काचा कापणारा कैलास, सावंतवाडीकडचा, हमद टाउनच्या फर्निचरच्या दुकानातून दीड महिन्यापूर्वी इथे आलेला. पत्र दुरुस्त करणारी तेजस्वी, पुण्याची.

तिने एकदा त्याला वाचून दाखवलं होतं. मी बरा आहे. काळजी करू नकोस. यंदा मी

आणि तिथे भोक.

डावी कड (कुरतडलेली)

सोमवारी तेजस्वीने पत्रामागचा जुना पुठ्ठा सोडवला. "कैलासदादा, हा टाका."

पुठ्ठ्याला पत्राचा नखाएवढा तुकडा चिकटला होता. त्यावर चार-पाच अक्षरं. मॅडमनी बघूनच टाका म्हटलं असणार, असं कैलासला वाटलं. पण लिहिलेलं केरात टाकत नाहीत. वडिलांनी जीर्ण पोथी कमरेएवढ्या पाण्यात शिरून नदीला दिली होती.

त्याने पातळ सुरीने तुकडा अलगद सोडवला, पुठ्ठा टाकला आणि जेवणाच्या सुट्टीत तो पुलाखाली समुद्राशी गेला. हात जोडले. तुकडा सोडला.

बुडला नाही. लाटेबरोबर परत त्याच्या बुटाशी आला.

त्याने पुन्हा लोटला.

भोक

गुरुवारी तेजस्वी सूक्ष्मदर्शकावरून ताडकन उठली. "ही कड ताजी तुटलीय! पुठ्ठा सोडवताना इथला तुकडा गेला. माझीच चूक." मग हसली. "हरकत नाही. आपला कचरा कुठे जातो?"

"म्हणजे?" कैलासने विचारलं.

उत्तर सफाईवाल्या मुनाफने दिलं. तो रत्नागिरीचा. पिशव्या ओढत आणत म्हणाला, "काम पुरं होईस्तो इथला कचरा बाहेर जात नाय, दादा. तारीख घालून ठेवतात. माझा व्हिसा संपेल, ह्याचा नाय."

तुकडा त्या पिशव्यांत नाही, हे एकट्या कैलासला माहीत होतं.

तरी तो त्यांच्याबरोबर जमिनीवर बसला. दोन दिवस चिमट्याने कापूस, कागद, धूळ उचलत राहिला. नाही. नाही. हेही नाही. सांगू, असं त्याला प्रत्येक पिशवीच्या वेळी वाटलं, आणि त्याने पुढची पिशवी उघडली.

सोमवारच्या शेवटच्या पिशवीत तो पुठ्ठा निघाला. त्यावर नखाएवढा फिकट डाग. बाजूला सुरीची रेघ.

तेजस्वीने पुठ्ठा बघितला. मग कैलासकडे.

त्याने सांगितलं.

खालची कड (फाटलेली)

"कचऱ्यात टाकला असता," ती फार हळू म्हणाली, "तर तो आत्ता माझ्या हातात असता."

"अक्षरं होती, मॅडम."

"म्हणूनच ना!"

मुनाफ बाहेर निघून गेला. जरा वेळाने तिने कागद-पेन्सिल पुढे सरकवली. "काढा. दिसलं तसं."

कैलासचा हात चांगला. पहिलं अक्षर आलं. दुसरंही. तिसऱ्याला तो थांबला, आणि मग बाकीची भरभर आली, नीट, वळणदार. तेजस्वी वाकली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

"येईन. कैलासदादा, तो येईन म्हणतोय!"

नुसती मान हलवायची होती. नोंद झाली असती. काल बायकोने, मथुराने, फोनवर हेच विचारलं होतं, यंदा तरी येणार का, आणि तो बघू म्हणाला होता.

"मॅडम, पहिली दोनसुद्धा खात्रीची नाहीत." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "दीड महिना रोज हीच अक्षरं बघतोय. तुकड्यावरची कुठली आणि पत्रातली कुठली, आता वेगळं होत नाही. हे हाताने काढलं. मी बघितलेलं नाही."

तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"तो परत आला होता," कैलास म्हणाला. "बुटापाशी."

"पुरे."

पाठ (कोरी)

अहवालात तेजस्वीने लिहिलं : तुकडा नष्ट. मजकूर अज्ञात. कारण : हाताळणी. खाली दोघांची नावं.

कैलासने काढलेला कागद तिने घडी न घालता कचऱ्याच्या पिशवीत टाकला, तोंड बांधलं, वर तारीख घातली. मुनाफने पिशवी उचलून फळीवर ठेवली.

ती तिथे सुरक्षित आहे.