नारेचा कावोर

झारेहच्या पायाला भिंगरी आहे, हे सिसियानमध्ये सगळ्यात आधी ओळखलं मानवेल खाटकानं. दुकानाच्या दारात उभा राहून तो दिसेल त्याला सांगायचा, "सकाळी पुलावर, दुपारी पुलावर, संध्याकाळी परत पुलावर. अरे, नदी काय पळून जाणार आहे का?"

झारेह हसायचा. माणूस आपलाच होता, आर्मेनियन आईबापाचा. पण जन्म सिडनीचा. वय एक्केचाळीस, बायकोशी काडीमोड झालेला, काम सगळं कॉम्प्युटरवर. त्यामुळं जिथं वीज तिथं त्याचं ऑफिस. तिबिलिसी झालं, व्हिएतनाम झालं, बल्गेरिया झालं. मग आर्मेनियात, सिसियानला आला तो स्वस्ताईपायी, उगाच देशप्रेमाच्या गप्पा नकोत. सिडनीत ज्या भाड्यात गाडी उभी करायला जागा मिळते, तेवढ्यात इथं दोन खोल्या, लाकडाची शेगडी, अंगणात नाशपातीचं झाड, आणि वर वार्दुहीमावशी फुकट.

वार्दुहीमावशी म्हणजे घरमालकीण. पलीकडच्या खोल्यांत ती, तिची सून शोघिक आणि आठ महिन्यांची नात नारे. मुलगा आर्तुश मार्चला रशियात बांधकामावर जायचा, तो डिसेंबरात परतायचा. घरात पुरुष माणूस नाही, म्हणून झारेह लाकडं फोडून द्यायचा, सिलिंडर उचलायचा. मावशी त्याच्या दाराला कडी लावूच द्यायची नाही. "कडी कशाला? चोराला न्यायला तुझ्याकडं आहे काय?" म्हणत दह्याचं भांडं घेऊन सरळ आत. तो जेवला नाही तर ओरडायची, उशिरा उठला तर ओरडायची. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

तरी दहाव्या महिन्यात त्याचं बिनसलं. काही घडलं नव्हतं, तेच तर! सकाळी उठला की छातीत नुसती घालमेल. जेवताना फोनवर घरं बघायची, कुठल्या तरी समुद्रकाठची. एक दिवस अल्बानियातलं एक घर त्यानं ठरवूनही टाकलं, तिकीट काढलं, आणि छाती हलकी झाली. दर वेळी असंच व्हायचं.

मावशीला आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात मावशीनंच त्याला कॉफीला बोलावलं. साधं बोलावणं नव्हतं ते. टेबलावर नवं कापड होतं, गाता नावाची सारण भरलेली गोड पोळी अख्खी होती, शोघिकनं केस धुतले होते. मावशी म्हणाली, "नारेचा बाप्तिस्मा करायचाय. आर्तुशचं नि माझं बोलणं झालंय. कावोर तू व्हायचंस."

आता कावोर होणं म्हणजे बाळाला हातात घेऊन देवासमोर उभं राहणं, आणि मग जन्मभर त्याच्या पाठीशी उभं राहणं. सख्ख्या भावाला नाही म्हणता येईल, पण कावोर व्हायला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही. झारेहला हे ठाऊक होतं. तिकीट खिशातल्या फोनमध्ये होतं. दोघी त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

"होतो की मावशी," तो म्हणाला. "त्यात काय!"

मावशी रडली. शोघिकनं बाळ त्याच्या मांडीवर टाकलं. आणि त्याला वाटलं, निभेल. तीन आठवड्यांनी रविवारी बाप्तिस्मा, दुसऱ्या दिवशी सोमवारी पहाटेचं विमान. पैसे पाठवू, वाढदिवसाला फोन करू. लोक करतातच ना लांबून सगळं! पुढचे तीन आठवडे तो पुलावर अजूनच जोरजोरात चालला.

रविवारी देवळाच्या पायऱ्यांवर वीसेक माणसं जमली. नारे पांढऱ्या झग्यात, झारेहच्या हातात. पाद्रीबाबा आतून यायचे होते. शोघिक बाळाची टोपी सारखी करता करता म्हणाली, "कावोर, बुधवारी हिला लस टोचायची आहे, गोरिसला जावं लागेल. तू येशील ना बरोबर? मला एकटीला जमायचं नाही."

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण या खेपेला शब्द तोंडातून निघेना. "बुधवारी मी नसेन गं," तो म्हणाला. "उद्या पहाटे विमान आहे."

"परत कधी येणार?"

तो बाळाच्या झग्याची घडी सरळ करू लागला. शोघिकचा हात टोपीवरच थांबला.

मावशीनं ऐकलं होतं. ती ओरडली नाही, हेच वाईट. त्याला दोन पायऱ्या खाली घेऊन गेली नि हळू आवाजात म्हणाली, "पोर मोठी होईल. एक दिवस आईशी भांडेल, रुसून घराबाहेर पडेल. तेव्हा जायचं कुठं तिनं? कावोरच्या दारात. तुझं दार कुठंय, झारेह?"

"मावशी, आर्तुशपण रशियात असतोच की!"

"असतो. परत यायचं असतं म्हणून जातो तो. तू कुठून निघतोस, कुठं परततोस, सांग बघू."

नारे झारेहच्या कॉलरशी चाळा करत होती. "नाही जात मग," तो घाईघाईनं म्हणाला. "आत्ता तिकीट रद्द करतो. खरंच मावशी, राहतो मी!"

मावशीनं त्याच्या गालावर हात ठेवला. "राजा, तीन आठवड्यांपूर्वी अस्संच हो म्हणाला होतास."

मग तिनं बाळ त्याच्या हातातून काढून घेतलं. "मानवेल!" तिनं हाक मारली. "इकडं ये. तुला कावोर व्हायचंय."

"मी?" मानवेलचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, निदान नखं तरी नीट धुऊन आलो असतो!" लोक हसले. आमच्यात नाही म्हणत नाहीत, तो आला. झारेहनं खिशातून कावोरनं बाळाच्या गळ्यात घालायचा सोन्याचा छोटा क्रॉस काढला, येरेवानहून मुद्दाम आणलेला. मावशीनं नको म्हणून मान हलवली. मानवेलच्या बायकोनं आपल्याच गळ्यातला क्रॉस काढून नवऱ्याच्या हातावर ठेवला होता.

सगळे आत गेले. त्याला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं, तरी झारेह दारातच उभा राहिला. पाद्रीबाबांनी विचारलं, "हे बाळ काय मागतं?"

मानवेलला काही आठवेना. तो छताकडं बघू लागला. झारेहला उत्तर तोंडपाठ होतं. श्रद्धा, आशा, प्रेम आणि बाप्तिस्मा. तीन आठवडे त्यानं ते घोकलं होतं, आणि ते आता अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं गिळलं. ते सांगायचा हक्क आता त्याचा नव्हता.

पाद्रीबाबांनी शब्द पुरवले, मानवेल खड्या आवाजात म्हणाला, एकदा, दोनदा, तीनदा. नारे केकाटून रडली आणि बाळ रडलं ते शुभच म्हणून बायका खूश झाल्या.

झारेह पायरीवर बसला. समोर रस्ता होता, पलीकडं पूल होता. पण उठून कुठंच जावंसं वाटत नव्हतं. असं त्याला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं, आणि विमान दुसऱ्या दिवशी पहाटे होतं.