शीळ घालणारे जोडमडके

रविवार, १७ फेब्रुवारी १९९१. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. पेरू देशात मोचे नदीकाठी, युलालिया पिमिंचुमोच्या अंगणात त्रेसष्ट माणसे उभी होती. मधोमध वैदू कासिमिरो. त्याच्या हातात जोडमडके होते : दोन पोटे, मध्ये नळी, एका गळ्यावर मातीचा पक्षी. त्याने ते हळूच कलंडवले. कुणी ओठ न लावता पक्षी शीळ घालू लागला. टोप्या उतरल्या.

“थडग्यातून आलंय हे! दीड हजार वर्षांचं!” कासिमिरो गरजला. “पोरीचे जुलाब तीन दिवसांत मडक्यात उतरतील. तोवर तिला पाण्याचा थेंब नको. पूर्वज रुसतील!”

“पूर्वजांना कोंबडी चालते वाटतं?” म्हातारी दोमितिला म्हणाली. “तुझ्या पिशवीत फडफडतीय ती!”

कोणी हसले नाही. युलालियाची पाच वर्षांची नेली खाटेवर होती. डोळे खोल गेलेले.

“आई, पाणी.”

“थांब गं सोन्या. मडक्यातून पणजी बोलतेय, ऐक.”

मंगळवारी पहाटे नेली गेली.

“पूर्वजांनीच बोलावून घेतलं तिला,” असे म्हणत कासिमिरो पुन्हा मडके कलंडवू लागला. मी ते हिसकावले.

“आब्दोनकाका, शाप लागेल!” तो ओरडला.

“मला? माझ्याच मडक्याचा?”

मी ते दगडावर आपटले. पक्ष्याच्या पोकळ डोक्यात बोराएवढी शिट्टी होती. मडके कलंडले की एका पोटातले पाणी दुसऱ्यात शिरते. तिथली हवा रेटली जाऊन शिट्टीतून बाहेर पडते. ही पूर्वजांची कारागिरी मी तंत्रशाळेत बावीस वर्षे शिकवली : साच्यात दोन अर्धे दाबायचे, ओल्या मातीने सांधायचे, धुरात काळे भाजायचे. आतल्या सांध्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता. मी बाजारात विकलेले हे मडके कासिमिरोने खाऱ्या वाळूत पुरून जुने केले होते.

तो कुंपणाकडे सरकला. युलालियाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिने शिट्टीचा तुकडा उचलून फुंकला. तोच आवाज.

“कधी ओळखलंत, काका?”

“रविवारी. पहिल्याच शिळेला.”

“मग बोलला का नाहीत?”

त्रेसष्ट माणसे माझ्या मडक्यापुढे टोप्या काढून उभी होती. मला अभिमान वाटला होता. उद्या सांगू, असे मनाशी म्हटले होते. हे सारे मी तिला सांगितले.

वाचकहो, मडक्यात माती, पाणी आणि हवा असते. चौथे काही नसते. जुलाब झालेल्या मुलाला उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून पाजत राहा, दवाखाना गाठा. आणि लबाडी ओळखलीत, तर त्याच क्षणी बोला.

कॉलराच्या त्या साथीत आमच्या गावात तेरा मुले आजारी पडली. बाराजणांना पाणी मिळाले. मृत्यू : एक.