चतुराबाईचे चिंचोके

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली की माझं डोकं सटकायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी ते सटकायचं थांबलेलं नाही. जित्याची खोड, दुसरं काय? आता हाताशी गाडी नाही, म्हणून मी चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेवर, म्हणजे मिस्सेवर, नजर ठेवतो.

आमचं गाव शिरूर कासारपासून सात किलोमीटर आत. गावात कॅथलिकांची पस्तीस घरं आहेत. नावांवर जाऊ नका. बाप्तिस्म्याच्या वहीत मी पौल आहे, पण आजीने ठेवलेलं सुग्रीव हेच नाव चालतं, आणि माझ्या मुलाचं नाव बजरंग. येशूने आजवर याबद्दल तक्रार केलेली नाही. पत्र्याच्या छपराची एक लांब खोली, पुढे वेदी, खाली सतरंज्या आणि मागच्या बाजूला बाहेर चहाची चूल, एवढं आमचं चर्च. फादर मोटारसायकलवर येतात. साडेदहाला मिस्सा सुरू व्हावी आणि बारा पाचला फादरनी किक मारावी, कारण त्यानंतर उमापूरच्या बाजूला आणखी एका गावात लोक त्यांची वाट बघत बसलेले असतात. हे मी ‘व्हावी’ म्हणतोय. होत नव्हतं.

दिवाळी झाली की आमच्यातले एकोणीस कोयते ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. चर्चमध्ये मग उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि चतुराबाई.

चतुराबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिला लिहितावाचता येत नाही. पण निघायच्या आधीच्या रविवारी ही सगळी जोडपी एकेक करून तिच्या घरी जातात आणि आपलं मागणं तिच्या कानात सांगतात. ती प्रत्येक जोडीच्या नावाचा एक चिंचोका कनवटीच्या चंचीत टाकते. पुढे सहा महिने दर रविवारी, फादरचं प्रवचन झालं आणि प्रार्थनांची वेळ आली, की चतुराबाई उभी राहते आणि एकेक चिंचोका या हातातून त्या हातात घेत सगळ्यांचं मागणं देवापुढे ठेवते. तिकडे दूर उसाच्या फडावर असलेल्या माणसांना तेवढाच आधार. आपण इथे नाही, पण आपलं नाव तिथे घेतलं जातंय. तिने तसा शब्दच दिलेला असतो.

यात मला काही वाकडं वाटत नव्हतं. वाकडं होतं ते आभारांचं. मागणं पुरं झालं की माणसं तिला फोन करून कळवतात आणि मग ती त्याचे आभार मानायला लागते. मागणं संपतं, पण आभार काही संपत नाहीत. ऊसतोडीतल्या रामेश्वरच्या बैलाचा खांदा सुजला होता, त्याला चार वर्षं झाली. खांदा बरा झाला, पुढे तो बैल बाजारात विकलाही गेला, तरी चतुराबाई दर रविवारी त्या खांद्याचे आभार मानतेच. बबिताला मुलगी झाली, दिपाली दहावी पास झाली, फडावरची कुणाची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, वाऱ्यात उडता उडता राहिली, हे सगळं तसंच. वीस वीस मिनिटं चालायचं. प्रत्येक चिंचोक्याला आपण म्हणायचं, “हे प्रभो, आमची विनंती ऐक.” देवाचे कान दुखत नसतील, माझे दुखायचे.

म्हणून चतुराबाई उभी राहिली की मी उठायचो आणि मागे जाऊन चहाची चूल पेटवायचो. मिस्सा सुटल्यावर सगळ्यांना चहा द्यायचा, हे काम माझ्याकडे आहे. आलं ठेचायचं, दूध तापवायचं, आधण मंद ठेवून, शेवटचे आभार चालू असताना परत जागेवर येऊन बसायचं. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललेलं.

मला आप्पा म्हणणाऱ्या बजरंगचं सांगायचं राहिलं. त्याने एसटीत लागावं अशी माझी इच्छा होती. त्याने लग्न केलं संगीताशी, तिचे आईबाप ऊसतोडीतले, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात तो तिच्याबरोबर निघाला. मी म्हणालो, कोयता उचललास तर या घराची पायरी चढू नकोस. त्याने कोयता उचलला आणि पायरीही चढला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तीन वर्षं झाली. पावसाळ्यात दोघं गावातच असतात, पलीकडच्या गल्लीत. मिस्सेला येतात, मागच्या सतरंजीवर बसतात आणि शेवटचा आशीर्वाद होताच निघून जातात. चहाला थांबत नाहीत. मीही कधी हाक मारली नाही.

तर यंदा नवे फादर आले, फादर डेनिस. वसईकडचे, तरुण, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारे. जानेवारीत एकदा ते किक मारता मारता घड्याळ बघून हळहळले आणि मी संधी साधली. म्हणालो, “फादर, ते चिंचोक्याचं जरा आवरा. बैल विकला गेला तरी त्याचा खांदा चालूच हाय. तिकडं लोकं खोळंबत्यात.”

पुढच्या रविवारी फादरनी जाहीर केलं, की आजपासून पुस्तकातल्या चारच प्रार्थना वाचल्या जातील. अनुपस्थितांसाठी एक सामाईक प्रार्थना होईल. कारण वेळेचं सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. तरी चोराच्या मनात चांदणं, मी मान खाली घातली.

चतुराबाई उभी राहिली होती. चंची हातात होती. ती एकदा फादरकडे, एकदा वेदीकडे बघून खाली बसली. सवयीने मी चुलीकडे गेलो, तर परत येईपर्यंत सगळं पुढे सरकलेलं. मिस्सा पावणेबाराला सुटली आणि चहा कच्चा राहिला. चतुराबाई तो न पिताच घरी गेली.

ती कधी चहा चुकवत नाही. दुपारी मी किटलीत चहा घेऊन तिच्या घरी गेलो. ती ओसरीवर बसली होती आणि चिंचोके पुढ्यात मांडलेले होते. काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. रामेश्वर होता.

“मावशे, नाव घेतलंस ना आमचं? सव्वाअकराला कोयतं खाली ठिवलं व्हतं सगळ्यांनी. मुकादम वरडत व्हता, तरी दोन मिनिटं हुबं ऱ्हायलो.”

चतुराबाईला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, “न्हाई घेतलं बाबा. आज न्हाई घेऊ दिलं.”

मग रामेश्वरने विचारलं, “कुणाचंच न्हाई? बजरंगचं बी न्हाई?”

“कुणाचंच न्हाई,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी किटली ओसरीवर टेकवली. म्हणालो, “अक्का, बजरंगचं नाव कावून? त्यो कवा आला तुझ्याकडं?”

“तीन साल येतोय. त्यो बी येतो, संगीता बी येती. ह्यो त्याचा.” तिने एक टवका उडालेला चिंचोका बोटाने पुढे सरकवला.

“मला कसं ठाव न्हाई?”

“तू असतोस का आत? तू बाहीर गेल्याबिगर मी त्याचं नावच घेत न्हवते. सगळ्यांस्नी वाटतं, पोराचं नाव कानावर पडू ने म्हणून सुग्रीव उठून जातो.”

“आगं, मी चहासाठी उठतो!”

“ते मला काय ठाव,” ती म्हणाली. “पोराला बी तसंच वाटतं.”

तीन वर्षं अख्खा गाव माझ्याकडे बघून तेच समजत होता, आणि मी आपला आलं ठेचत होतो. त्याने काय मागितलंय, मी विचारलं. ती म्हणाली, “ते देवाच्या म्होरं सांगायचं असतं, वसरीवर न्हाई.” आणि चिंचोके गोळा करून चंचीत भरले. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, “एकोणीस घरांना शबुद दिलता रे. आता त्यांस्नी काय तोंड दावू?”

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही.

बुधवारी पहिल्या गाडीने शिरूरला गेलो आणि फादरपुढे उभा राहिलो. माझी तक्रार मागे घेतो, म्हणालो.

फादर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “काका, तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुढच्या गावची माणसं खरंच ताटकळत असतात. त्यांच्यावर का अन्याय करायचा?”

“फादर, तुमची गाडी बारा पाचला सुटंल. जिम्मा माझा. मिस्सा साडेधाला चालू हुईत न्हाई, पावणेअकराला हुती, कारण आमची माणसं रमतगमत येत्यात. ती पंधरा मिनिटं मी तुमाला काढून देतो. तेवढी अक्काला द्या.”

फादरनी होकार दिला.

रविवारी दहाला मी ट्रंकेतली जुनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि गल्लीगल्लीत फिरलो. शेजारची सत्यभामा अजून केस विंचरत होती, तिला तसंच हाकललं. पोरं हसत माझ्या मागून आली. साडेदहाच्या ठोक्याला फादरनी क्रूसाची खूण केली, तेव्हा सगळ्या सतरंज्या भरल्या होत्या. कंडक्टरकीत इतकं समाधान मला क्वचितच मिळालं असेल.

प्रवचन संपलं आणि चतुराबाई उभी राहिली. मी उठलो नाही. ती माझ्याकडे बघत थांबली, सगळेच थांबले. “जा म्हन की त्याला चहाला,” कुणीतरी मागून म्हणालं. मी मांडी घट्ट घातली.

तिने सुरुवात केली. रामेश्वरच्या घरच्यांचा खोकला, बबिताच्या लेकीचे दात, हनुमानच्या हाताची जखम. बैलाच्या खांद्याचे आभारही आले. वर्षानुवर्षं मी हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. अठरा चिंचोके एका हातातून दुसऱ्या हातात गेले. मग ती सतरंज्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आली आणि शेवटचा, टवका उडालेला, माझ्या तळहातावर ठेवला.

“तू आत असताना माज्याच्यानं हे हुयाचं न्हाई,” ती म्हणाली. “तुजं तू घे.” वाकून तिने बजरंगचं मागणं माझ्या कानात सांगितलं.

मी उभा राहिलो. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा माझा आवाज, पण त्या दिवशी पहिल्या सतरंजीपर्यंतही जाईना.

“बजरंग आणि संगीता,” मी म्हणालो. “त्यांचं मागणं... आप्पाच्या हातचा चहा एकदा प्यायला मिळू दे.”

सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, “हे प्रभो, आमची विनंती ऐक.” देवाने ऐकली असेलच. पण ती पुरी करायचं काम देवाचं नव्हतं, हे त्या खोलीतल्या लहान पोरालाही कळत होतं.

फादर बारा तीनला निघाले. चहा त्या दिवशी उशिरा झाला, कुणी कुरकुर केली नाही.

सोमवारी पहाटे पिशवी भरली. चहाची पूड, साखर, आलं, फडक्यात गुंडाळलेली किटली. आयुष्यभर लोकांची तिकिटं फाडली, आता स्वतःचं अर्धं तिकीट काढून खिडकीशी बसलो. दोन गाड्या बदलल्या, पुढे एका ट्रॅक्टरवाल्याने सोडलं. सांगलीच्या पलीकडे, उसाच्या फडाला लागून, पाचटाच्या कोप्यांची रांग होती. संगीताने मला पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून जागीच उभी राहिली. “आप्पा?” एवढंच म्हणाली. “दूध हाय का घरात?” मी विचारलं. ती धावत शेजारच्या कोपीत गेली.

तीन दगडांच्या चुलीवर आधण ठेवलं. चहा उकळत होता तेव्हा बजरंग फडातून आला. अंगभर पाचटाची कुसळं, हातात कोयता. मला पाहून थांबला. कोयता लपवावा की ठेवावा, हे त्याला कळेना. “ठेव की खाली,” मी म्हणालो, “कोण काय म्हणतंय?” त्याने ठेवला.

मी त्याच्या हातात गिलास दिला. तो उकिडवा बसला आणि प्यायला. चहा संपला तसा त्याने रिकामा गिलास माझ्यापुढे धरला.

“अजून हाय का?”

“हाय,” मी म्हणालो. “लई हाय.”

पुढच्या रविवारी चतुराबाईने तो चिंचोका पुन्हा माझ्याकडे दिला. मी उभा राहिलो. आवाज आपला जुनाच, शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला. “बजरंग आणि संगीता. मागणं पुरं झालं, त्याबद्दल, हे देवा, तुझे आभार.” चतुराबाई खालून म्हणाली, “दोन गिलास पेला म्हणून सांग.” तेही सांगितलं.

फादरनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. बारा पाचला अजून बराच वेळ होता. म्हणून मी खाली बसलो नाही, रामेश्वरच्या बैलाच्या खांद्याचेही आभार मानून घेतले.