काबऱ्याला एसटीत जागा

"आधी कुत्रं खाली," कंडक्टर म्हणाला, "मग माणसं वर."

इनामगावच्या फाट्यावर शिरूर-दौंड एसटी घरघरत उभी होती. धनश्रीचे सासरे, भिमाआप्पा, एक पाय पायरीवर ठेवून तसेच थांबले. त्यांच्या मुठीत बांबूची हातभर काठी, तिचं दुसरं टोक काबऱ्याच्या गळपट्ट्याला बांधलेलं. काचबिंदूनं आप्पांची नजर नेली त्याला तीन वर्षं झाली. मेंढरं त्याआधीच विकली होती. मागं राहिला तो हा कुत्रा. त्यानंच आप्पांना पुन्हा घराबाहेर काढलं.

दौंडात अपंगांच्या कोट्यातून आप्पांना टेलिफोनचा बूथ मंजूर झाला होता. आज बाराच्या आत स्वतः येऊन सही करा, नाहीतर बूथ पुढच्या अर्जदाराला, असं पत्रात लिहिलेलं. आणि बूथ आप्पांनी स्वतःच चालवायचा. म्हणजे उद्यापासून रोज एकट्यानं एसटीनं जायचं-यायचं. धनश्रीचा नवरा कारेगावला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी येणार. तिच्या कडेवर दहा महिन्यांचा स्वराज. काबऱ्या गाडीत चढला नाही, तर नुसती सही करून उपयोग काय?

"कंडक्टरसाहेब, कोंबड्या चालत्यात, आन् ह्यो न्हाई चालत?" तिनं आतल्या डालग्याकडं बोट दाखवलं.

"कोंबडी चावत न्हाई, बाई."

"माझ्या कोंबड्यांची वळख न्हाई तुम्हाला अजून," डालग्याची मालकीण नूरबी आतूनच म्हणाली. गाडीत हसू पिकलं.

जयसिंग कंडक्टरही हसला, पण अर्धवटच. "चढा. पण एकदा जरी गुरगुरला, तर हाय तिथं उतरवीन."

आप्पांना नूरबीच्या शेजारची जागा मिळाली. तिनं पदर सावरून घेतला. "आप्पा, माझ्या साडीला त्याचं तोंड लागू देऊ नगा. दुपारची नमाज हाय, तवा कुठं साडी बदलत बसू?"

"बराबर हाय तुमचं." आप्पांनी खांद्यावरची घोंगडी काढली, पायाशी अंथरली आणि काबऱ्याला तिच्यावर बसवलं.

चुकलं ते इथं. रानात मेंढरांचा वाडा बसला की आप्पा घोंगडी टाकायचे, आणि एकदा घोंगडी पडली की तिच्याजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही, हे काबऱ्या पिल्लू असल्यापासून शिकलेला. आप्पांच्या हातांनी सवयीनं काम केलं. डोक्यानं विचार केलाच नाही.

जयसिंग तिकिटं फाडत आला. त्याचा बूट घोंगडीच्या काठाला लागला. काबऱ्याच्या मानेवरचे केस ताठ झाले आणि घशातून खोल गुरगुर निघाली.

टण्ण! एसटी उसाच्या फडांमध्येच थांबली.

"उतरा!"

धनश्री उठून उभी राहिली. इथून दौंड बारा-तेरा किलोमीटर. दुसरी गाडी दुपारी दोनला.

"साहेब, चूक माझी हाय, त्याची न्हाई," आप्पा चाचपडत वाकले. घोंगडी ओढून त्यांनी घडी घातली, खांद्यावर टाकली. "ही खाली असली की तो राखणीला बसतो. आता पाय टाका."

जयसिंग हलला नाही. सगळी गाडी त्याच्या बुटाकडं बघत होती. काबऱ्या फरशीवर पसरला, हनुवटी आप्पांच्या वहाणेवर टेकवली. नूरबीनं डालगं सरकवून आपल्या नि कुत्र्याच्या मध्ये ठेवलं. "घ्या, माझीबी सोय झाली. टाका की पाय, का कोंबड्यांना पुढं धाडू?"

जयसिंगनं पाय टाकला. काबऱ्यानं कानसुद्धा हलवला नाही. घंटी दोनदा वाजली.

दौंडच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती.

"ताई," जयसिंग उतरता उतरता हळूच म्हणाला, "उद्या माझी ड्यूटी न्हाई. कंट्रोलरनं लिहून दिलं, तरच दुसरा कुणी कुत्र्याला घेईल. आन् बाराला त्यांची ड्यूटी संपती."

कंट्रोलरची केबिन स्टँडाच्या या टोकाला, टेलिफोनचं ऑफिस त्या टोकाच्या पल्याड. दोन्हीकडं जायला वेळ नव्हता.

"आप्पा, तुम्ही सहीला जा. मी कंट्रोलरला गाठते."

"एकटा?"

"उद्यापासनं मी कुठं असणार हाय?" तिनं आप्पांचे खांदे ऑफिसच्या दिशेला वळवून दिले. "नाकासमोर जा, स्टँड संपला की पायरी हाय."

आप्पांनी काठीवरची मूठ घट्ट केली. "चल रं."

कंट्रोलरनं तिचं म्हणणं ऐकून चष्मा कपाळावर चढवला. "कुत्रं? गाडीत? आन् रोज?"

धनश्रीचं लक्ष खिडकीबाहेर होतं. आप्पा दोन गाड्यांच्या मधून चालले होते, आणि त्यातली एक मागं यायला लागली. काबऱ्या थांबला. आप्पांच्या गुडघ्यांपुढं आडवा उभा राहिला. गाडी हातभर अंतरावरून मागं सरकत गेली. मग काठी हलली, आणि दोघं पुन्हा चालू लागले.

कंट्रोलर खुर्चीतून अर्धा उठलेला होता. तो खाली बसला.

"ते तुमचे?"

"माझे सासरे. साहेब, तो कुत्रा खाली राहिला तर आप्पा कायमचे घरात बसतील."

"कुणाला चावला तर?"

"जबाबदारी माझी. लिहा माझं नाव."

पलीकडं आप्पा ऑफिसची पायरी पायानं चाचपत होते. केबिनच्या भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती. शिपायानं कुत्र्याकडं बघून हात आडवा केला. आप्पा काहीतरी बोलले. शिपाई थांबला, डोकं खाजवलं, आणि बाजूला झाला.

कंट्रोलरनं कागद पुढं ओढला. "एक महिना देतो. तक्रार आली की बंद." त्यानं पेनाचं टोपण काढलं. "सांगा नाव."

"धनश्री..."

"तुमचं मागनं. आधी त्याचं सांगा."