बोटीच्या भोंग्याची ओळ

मी एक जुना टॅब आहे. नव्या शाळेच्या गाण्यात बोटीचा भोंगा आला आणि सगळ्यांनी उभे राहून ते गाणे म्हटले.

मित्रांनो, वरचे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. मीही ते लिहिलेले नाही. भोंगा अजून यायचा आहे, आणि येईलच अशी कोणाला खात्री नाही.

तर, माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी उरासे बेटावरच्या शाळेत आलो. शाळेत मुले कमी आणि बुटांचे कप्पे जास्त होते. पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. मुले हात धुऊन मला घेत. माझ्यावर बेरजा करत, खेकड्यांचे चित्रपट काढत, पावसाच्या आवाजाला चाल लावत. स्वच्छतेच्या तासाला मला ओल्या फडक्याने पुसत. मग 'ओल्या फडक्याने पुसू नये' अशी चिठ्ठी माझ्या पाठीवर लागली. तेव्हापासून ती चिठ्ठीही ओल्या फडक्याने पुसली जाऊ लागली.

माझी काळजी घ्यायचे काम सहावीतल्या चिहारूकडे होते. एकदा तिने दोरीवर वाळत घातलेल्या माकूल मासळीचा फोटो काढला. फोटो इतका झकास आला की एका घारीने झडप घालून त्यातले मधले माकूल उचलायचा प्रयत्न केला. माझ्या कामाला इतकी मनापासून दाद नंतर कोणी दिली नाही. काच कोपऱ्यात तडकली. शिक्षण समितीच्या कागदात नुकसानीची कारणे छापलेली होती, त्यात घार नव्हती. म्हणून 'नैसर्गिक झीज' असे ठरले. हवा दमट झाली की ती भेग कोणी बोट लावल्यासारखी वागू लागली. त्याच कोपऱ्यात पुसलेले परत आणणारा उलटा बाण होता.

मग एका हिवाळ्यात कळले की आमची शाळा बंद होणार. समोरच्या किनाऱ्यामागे डोंगरात कामिओरी गाव आहे, तिथलीही बंद होणार. दोन्हींची मिळून वसंतात किनाऱ्यावर नवी शाळा. तिचे गाणे दोन्हीकडच्या मुलांनी मिळून लिहायचे होते. त्यासाठी एक सामायिक पान उघडून दिले होते, दोघांनी आपापल्या टॅबवरून एकाच वेळी लिहावे असे. पान वेळेत भरले नाही, तर समितीकडे तयार गाणे होते. त्यात हिरवे डोंगर, निळे आकाश आणि उज्ज्वल उद्या होता. ते कोणत्याही शाळेला बसले असते. पोस्टालाही बसले असते.

"बाई, आपल्या बेटाची एक तरी ओळ हवी," चिहारू म्हणाली. "नाहीतर इथे शाळा होती, हे कुणाला कळणार?"

"मग लिही की," कुसाकाबे बाई म्हणाल्या.

"असं कसं? आधी त्यांना लिहू दे. बरं दिसत नाही ते."

डोंगरातही नेमके हेच बोलणे झाले असावे. कारण पानावर पहिली ओळ उमटली ती अशी: 'आपण सुरुवात करावी.' खाली आमचे उत्तर: 'छे छे, आपणच.' त्याखाली: 'आपल्या सुंदर बेटापुढे आम्ही काय लिहिणार?' मित्रांनो, आठवडे गेले. पान भरत होते, आणि त्यात गाणे सोडून सगळे होते.

चिहारू रोज आपली ओळ लिहायची: 'सकाळी बोट भोंगा देते.' तेवढ्यात डोंगरातल्या गाकूचे नाव त्याच ओळीवर येऊन थांबायचे. ती घाईने ओळ पुसायची. पलीकडे तोही काहीतरी पुसायचा.

शेवटी बाईंनी दोन्ही वर्गांना पडद्यावर समोरासमोर बसवले. बाहेर धुके होते. चिहारूने ओळ लिहिली, गाकूचे नाव दिसले, ओळ पुसली. माझ्या भेगेने ती परत आणली. तिने पुन्हा पुसली. भेगेने पुन्हा आणली.

"ए, भोंगा ठेवणार आहेस की काढणार आहेस?" गाकूने विचारले.

"मी नाही करत, टॅब करतोय!"

"हो का? आमच्याकडे गृहपाठ माकडं करतात."

"तरीच अक्षर बरं असतं!"

इतके अपमानास्पद बोलणे त्या पानाच्या आसपास कोणी केले नव्हते. बाईंनी थांबवायला हात वर केला आणि मग त्याच हाताने स्वतःचे केस नीट केले.

"भोंगा डोंगरात कुणाला ऐकू येतो?" गाकू पेटला. "आमच्याकडे सकाळी नुसतं घूं होतं. वारा घुमतो. अस्वलसुद्धा कूस बदलतं."

"कधी होतं ते घूं?"

"शाळेची घंटा व्हायच्या जरा आधी. रोज."

"रविवारी?"

गाकूने मागे वळून वर्गाला विचारले. मग हळूच म्हणाला, "रविवारी नाही होत."

"रविवारी बोट नसते," चिहारू म्हणाली.

त्यानंतर त्या पानावर कोणी कोणाला 'आपण' म्हटले नाही. 'सरक जरा', 'हे काय लिहिलंस', 'वेड्या, चालीत बसत नाही', असे करत संध्याकाळपर्यंत गाणे झाले. पहिले कडवे तेवढे सांगतो: 'खाली भोंगा, वर घूं, अस्वल म्हणे, आलास का तू?'

समितीने गाणे मान्य केले. मात्र अस्वल शोभत नाही म्हणून तिथे फुलपाखरू घातले. पहिल्या दिवशी चिहारूच्या हातात मीच होतो. माझ्यावर स्वच्छ अक्षरात फुलपाखरू होते. दोन्हीकडची मुले छाती भरून अस्वल म्हणाली. समितीच्या अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी माझी मुदत संपली. आता मी कपाटात आहे. लवकरच माझ्या पोटातले सगळे पुसले जाईल, ते भांडणाचे पानही. आम्हाला ओल्या फडक्यापासून जपा, हे तर आहेच. पण मित्रांनो, शेजारचा मुलगा काही लिहून गुपचूप पुसत असेल, तर जरा वाकून विचारा, काय होतं रे?

सबब, माननीय शिक्षण समितीस नम्र विनंती की, विद्यार्थ्यांनी संकोचाने पुसलेल्या सर्व ओळी शाळेची मालमत्ता समजून त्यांची नोंद घ्यावी, दरवर्षी त्यांची मोजदाद व्हावी, आणि एखादी कमी भरल्यास ती कोणाच्या मनात राहून गेली आहे याची तातडीने चौकशी करावी.

आपला नम्र,
टॅब (नैसर्गिक झीज)