वर आलेलं नाव

“चार्जरपण द्यायचा का?” भिकननं विचारलं.

“हो काका. आणि माउस.” मनाली सोफ्याच्या कडेला बसली होती. चहाचा कप तिनं नुसताच हातात धरला होता.

गंगापूर रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मनाली भिकनच्या बायकोच्या, सुमेधाच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. सुमेधा जाऊन दीड महिना झाला होता. तिचं काम आता मनालीकडे आलं होतं, म्हणून लॅपटॉपही तिच्याकडे जाणार होता.

काम जपानी नावांचं. जपानी नाव कसं लिहिलंय त्यावरून ते कसं वाचायचं हे दरवेळी कळत नाही. दोन माणसं एकच नाव लिहितात आणि उच्चार वेगळा सांगतात. सुमेधा एकेका नावाचा उच्चार तपासायची, तो इंग्रजी अक्षरांत भरायची आणि त्या क्रमानं यादी लावायची. पालिकेच्या पंपहाउसवरून आला, की भिकन ती इंग्रजी नावं मोठ्यानं वाचायचा. ती जपानी यादीवर नजर ठेवून ऐकायची.

“ताकाहाशी. ताकामुरा. ताकेदा.”

“अहो, हजेरी घेताय का? जरा प्रेमानं वाचा.”

“मला काय त्यांच्या घरी जेवायला जायचंय?”

लॅपटॉपवर हात ठेवून भिकन म्हणाला, “ह्याच्यात तिचं काही राहिलंय का गं?”

“फायली ऑफिसात गेल्या सगळ्या.” मनाली अडखळली. “एक आहे. आपण टाइप करायला लागलो की हे शब्द सुचवतं. जो जास्त वापरतो तो वर आणतं. मॅडमची सवय लागलीय त्याला. ते पुसायला सांगितलंय, नाहीतर माझ्या कामात त्यांचे शब्द येतील.”

“येऊ दे की! काय बिघडतंय? तेवढं पुसू नको, मनाली.”

“सरांना विचारते मी...”

“आधी दाखव तरी.”

मनालीनं लॅपटॉप उघडला. सुमेधाच्या नावाची पहिली दोन अक्षरं दाबली, एस आणि यू. खाली जपानी लिपीत शब्दांची छोटी रांग आली.

“हे वरचं तिचं नाव?”

“नाही. ते सुमिमासेन. म्हणजे... माफ करा.”

“कुणाला?”

मनालीनं कप खाली ठेवला. “जपानच्या ऑफिसला. केमो सुरू झाल्यावर याद्या उशिरा जायच्या ना. कोणी काही बोलत नव्हतं काका, खरंच. पण त्या रोज आधी तेच लिहायच्या.”

उशीला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन सुमेधा टाइप करत बसायची. भिकन डोकावला की म्हणायची, “ऑफिसवाले चांगलेत हो, काही म्हणत नाहीत.” त्याला वाटायचं, बरंय, मन रमतंय.

“अन् तिचं नाव कुठंय?”

“हे. खाली. मधे सुझुकी, सुगिमोतो आलेत.”

“ते वर कसं आणायचं?”

“निवडायचं. परत परत.”

त्यानं खुर्ची पुढं ओढली. व्हॉल्व्ह फिरवून जाड झालेल्या बोटानं दोन अक्षरं दाबली, बाणाची कळ दाबत सुझुकी, सुगिमोतो ओलांडून खाली उतरला, एंटर मारलं. पुन्हा दोन अक्षरं. माफी अजून वरच होती. पुन्हा खाली उतरला.

“काका, हे सगळं पुसलं जाणारच आहे पण.”

“माहितीये गं.”

तिनं मग अडवलं नाही. गार झालेला चहा पिऊन टाकला.

शेवटी रांग उघडली तेव्हा मनालीनं सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. “आलं काका. मॅडमचं नाव.”

भिकनला ती जपानी अक्षरं वाचता येत नव्हती. तरी तो बराच वेळ बघत राहिला.

“आता पूस,” तो म्हणाला. “सरांना विचारू नको.”

लॅपटॉप मिटून त्यानं फडक्यानं पुसला. चार्जरच्या गुंडाळलेल्या वायरीला सुमेधाचं केसांचं काळं रबर होतं. बॅगेत भरताना मनाली ते काढायला लागली.

“असू दे,” भिकन म्हणाला, “वायर सुटते नायतर.”