खिळ्यावरची केबल

"आल्या परत माहेरपणाला," वेणूबाई सोल्डरिंगच्या धुरात पुटपुटल्या. "एकीचं सासर टिकेल तर शपथ."

मी शेजारच्याच स्टुलावर होते. कॅम्प पाचच्या आमच्या गिऱ्हाइकाकडून, परसराम शेठकडून, आमच्या पेट्या परत आल्या होत्या. यंत्राची थरथर मोजून ती यूएसबीतून कॉम्प्युटरला पाठवायची, एवढंच पेटीचं काम. ते ती मध्येच सोडून द्यायची.

अंबरनाथ पूर्वेच्या या गाळ्यात आम्ही तिघं. बोर्ड आखणारे नरेंद्र, म्हणजे माझे यजमान. तो जोडणाऱ्या वेणूबाई. आणि ड्रायव्हर लिहिणारी मी. ड्रायव्हर म्हणजे बोर्डावरच्या यूएसबी चिपला कामाला लावणारा प्रोग्राम. मला तो कुणी शिकवला नाही. पोळ्या लाटताना चिपचं मॅन्युअल ओट्यावर उघडं ठेवून शिकले; त्याच्या पानांना अजून कणीक चिकटलेली आहे.

"केबल खराब असणार त्यांची," नरेंद्र म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून आमची केबल काढली. वीतभर लांबीची, लाल टेप गुंडाळलेली. तिच्यावर प्रत्येक पेटी पास होते, म्हणून आम्ही प्रत्येक पेटी तिच्यावरच तपासत आलो. गिऱ्हाईक मात्र बाजारातली लांब केबल लावतं.

आताही पेटी पास झाली.

"पण शेठ म्हणतात, केबल बदलूनही तेच. केबल नाही तर मग ड्रायव्हर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुष्कर म्हणून एक इंजिनिअर आहे. सोमवारपासून येतोय. तो नव्याने लिहील."

"माझा ड्रायव्हर?"

"आपला गं."

"कौतुक असतं तेव्हा आपला. आज माझाच आहे."

सोमवारपर्यंत गप्प बसायचं माझ्या मनात नव्हतं. यूएसबीच्या नियमांत टेस्ट मोड दिलेले आहेत. आमच्या ड्रायव्हरमध्ये मी ते घातलेच नव्हते, कारण त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं. आता घातले. त्यातल्या एका मोडमध्ये चिप ठरलेला एकच मजकूर अखंड पाठवत राहते. कॉम्प्युटर काही विचारत नाही, माझा प्रोग्राम मध्ये पडत नाही. मग जे दिसेल ते निव्वळ बोर्डाचं.

पहिल्यांदा फसलंच. हुकूम मिळाल्या मिळाल्या मी चिपला मोडमध्ये ढकललं, त्यामुळे कॉम्प्युटरला पोच मिळाली नाही आणि त्याने एरर दिला. मग क्रम बदलला. आधी "हो" म्हणायचं, ते पोचू द्यायचं, आणि मग वीज काढेपर्यंत कुणाचंही ऐकायचं नाही. हे मला इतक्या उशिरा सुचावं याचं नवल वाटलं. घरात मी वर्षानुवर्षं हेच करते.

बदलापूरच्या एका ओळखीच्या लॅबमधून वेगवान ऑसिलोस्कोप एका दुपारपुरता मागून आणला. त्याच्या पडद्यावर सगळे सिग्नल एकावर एक रचले जातात आणि सिग्नल निरोगी असेल तर त्यांच्या मधोमध उघड्या डोळ्यासारखी स्वच्छ मोकळी जागा दिसते.

"कशाला हा खटाटोप," नरेंद्र म्हणाले. "पुष्कर बघेल ना."

"तो त्याचं बघेल. मी माझं बघते."

ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे मोजणीची सुई, थेट बोर्डाच्या सॉकेटपाशी लावला. केबल मध्ये नाहीच. मोड चालू केला. पडद्यावर डोळा आला तो रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा. अर्धा मिटलेला.

"प्रोब सैल असेल," नरेंद्र म्हणाले.

घट्ट केला. डोळा तसाच.

"इथल्या विजेचा काय भरवसा."

बॅटरी लावली. तसाच.

वेणूबाईंनी बोर्डाकडे पाहिलं आणि लगेच भिंतीकडे. यूएसबीचा सिग्नल नेणाऱ्या तांब्याच्या दोन रेघा बोर्डावरून जोडीने जायला हव्यात. आमच्या बोर्डावर त्या स्क्रूच्या भोकापाशी फुटतात. एक सरळ जाते, दुसरी लांबचा वळसा घेते. त्यामुळे सिग्नल मुळातच अशक्त निघतो; वीतभर केबलमध्ये तग धरतो, लांब केबलमध्ये नाही. जुन्या पत्र्याच्या पेट्या वाया जाऊ नयेत म्हणून भोक तिथे आलं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या बाकावर बसून नरेंद्रांनी हा बोर्ड आखला होता. डबा घेऊन मीच जायची, तेव्हा मांडीवर तो कागद असायचा. वेणूबाईंनाही ते ठाऊक होतं. म्हणून तर त्या बोर्डाला नाव न ठेवता आम्ही सगळे आजवर केबल, केबल करत होतो.

नरेंद्रांचा हात सवयीने खिळ्याकडे गेला. त्यांच्याआधी मी केबल काढली आणि कटरने मधोमध कापली.

वेणूबाईंनी सोल्डरिंग आयर्न हळूच स्टँडवर ठेवलं.

"अगं, काय केलंस हे?" नरेंद्र म्हणाले.

मी दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"अहो, बोर्ड चुकलाय. तुमचा."